तूर्त

"तूर्त राहू दे आईला तुझ्याकडे. माझी खोली लागेपर्यंत. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

सात वर्षांपूर्वी जिन्यात ऐकलेला आवाज. त्याच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात छत्री, आणि आम्ही वेगळे झाल्याचे कागद शर्टाच्या खिशातून अर्धे बाहेर डोकावत होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आत कापायच्या टेबलाशी त्याची आई काहीच ऐकू न आल्याचं सोंग घेऊन बटणं निवडत बसली होती. पांढरी पांढऱ्यात, काळी काळ्यात. मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नवरा जात होता तो कायमचा, आणि त्याची आई राहत होती ती तूर्त.

मी शिंपीण. पुढची खोली दुकान, मागची खोली घर, मधे एक पडदा. हे दुकान मूळचं त्या बाईंचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि अंगानं मी अशी काडी, की त्यांनी पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हटलं, "चला, घरात एक सुई कमी होती." तेव्हापासून मी सुई. नवऱ्यानं ठेवलेली सगळी नावं गेली, हे राहिलं.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. कापड कोणतंही असो, कुठल्याही रंगाचं, आधी ते लाल दोऱ्यानं जोडायचं. लांब लांब टाके, शेवटी गाठ नाही, टोक धरून ओढलं की सरसर निघून यावा असा धावदोरा. गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघायचं, कुठे ओढतं, कुठे झोळ पडतो ते खडूनं टिपायचं, मग त्या लाल ओळीच्या शेजारून मशीनवर पक्की टीप मारायची. आणि शेवटी लाल काढून टाकायचं. कपडा हातावेगळा होताना त्यावर लाल ठिपकाही राहता कामा नये. लाल म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.

डोळे अधू झाल्यापासून लाल दोरा काढायचं काम त्यांच्याकडे आलं. खिडकीशी बसायचं, मांडीवर कपडा घ्यायचा, बोटांनी चाचपत जायचं आणि छोट्या आकड्यानं दोरा उचलायचा. काढलेला दोरा त्या फेकत नसत. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवत, पुन्हा वापरायला. हात चालू असताना तोंडही चालू असे. स्वतःच जुळवलेलं काहीतरी गुणगुणत:

"लाल गं धावदोरा, आला घडीचा पाहुणा,
कापडाला दावी खुणा, मग जाई."

पूर्वी मीही त्यात सूर मिसळायची. ते कागद आल्यापासून मला तो 'मग जाई' म्हणवत नसे. मी मशीनचं पायडल जोरात दाबायची.

आणखी एक गोष्ट मला म्हणवत नसे. लग्नाआधीच्या बोलण्यांपासून मी त्यांना 'आई' म्हणत होते. कागदांवर सही झाली त्या संध्याकाळी चहा नेऊन दिला, तोंड उघडलं आणि तो शब्द बाहेर आला नाही. वाटलं, हा आता आपला राहिलेला नाही, परत करायला हवा होता. मग म्हटलं, "अहो, चहा." तेव्हापासून 'अहो' सुरू झालं, ते सुरूच राहिलं. अहो, जेवायला चला. अहो, गोळी घेतलीत का?

खालच्या मजल्यावरचा किल्लीवाला एकदा पँटची चेन बदलायला आला होता. ते ऐकून पोट धरून हसला. "नवऱ्याला म्हणायचं ते सासूला म्हणतेस! नवरा गेला तरी अहो काही घरातून गेला नाही."

"मेल्या, तुझ्या बायकोनं तुला कधी अहो म्हटलंय का?" खिडकीतून बाईंनी टोला हाणला. "अरे-तुरे करते ती. मी ऐकते की जिन्यातून."

हसण्यावारी गेलं. पण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातल्या खिडकीपलीकडच्या कारकुनानं फॉर्म पुढे सरकवला: रुग्णाशी नातं. मी म्हटलं, "होती ती सासू." तो म्हणाला, "आहे का होती? 'होती' असा रकाना नाही." मागे माणसं खोळंबलेली. मी पेन हातात धरून उभी. तेव्हा बाकावरून बाईंचा आवाज आला, "अहो साहेब, शिंपीण लिहा. माझी शिंपीण आहे ती." कारकुनानं कंटाळून स्वतःच लिहिलं: तात्पुरती काळजीवाहू. त्या कागदाची घडी अजून माझ्या मापाच्या वहीत आहे. तात्पुरती, हंगामी, बदली, तूर्त, सध्यापुरती, पुढील सूचना मिळेपर्यंत. हे सगळे शब्द मला लाल दिसतात. टोक धरून कुणीही ओढावं असे.

आणि मग मागच्या हिवाळ्यात तो फोन आला.

त्याचे फोन येत, नाही असं नाही. दुकानाच्या फोनवर, महिन्या-दीड महिन्यातून. आईशी दोन मिनिटं. औषध घेतेस ना, पाय कसा आहे, बरं ठेवतो. तो दिवसभराच्या प्रवासावरच्या गावात राहायचा. त्या दिवशी त्या न्हाणीघरात होत्या. नळ वाजत होता. तो मला म्हणाला, "घर झालंय. मोठं आहे. तिच्यासाठी वेगळी खोली, उन्हाची. तू बरीच वर्षं सांभाळलंस, मला माहीत आहे. तिला विचार येते का, आणि मला कळव."

"विचारते," मी म्हटलं.

त्या केस पुसत बाहेर आल्या. "कुणाचा फोन?"

"गिऱ्हाईक. ब्लाउज झाला का विचारत होतं."

बस्स. एवढंच. आठ दिवसांनी त्यानं मला परत गाठलं तेव्हा मी म्हणून गेले, "त्या म्हणाल्या, तूर्त नको." शब्द त्याचाच होता. सात वर्षांपूर्वी जिन्यात माझ्या हातात ठेवलेला. मी तो त्यांच्या तोंडी घालून त्याला परत केला. मग तो म्हणाला, "बरं. मी तिच्याकडे विषय काढत नाही. उगाच ओशाळेल."

चौदा महिने झाले त्याला. चौदा महिने फोन वाजला की मीच आधी धावायची. त्या बोलत असल्या की मी हातातलं काम थांबवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. कुणाच्या आईची खोली, तीही उन्हाची, मी लपवून ठेवली होती.

मागच्या रविवारी मी दोरे आणायला गेले होते. परत आले तर फोनचा रिसीव्हर नीट बसलेला नव्हता आणि त्या खिडकीशी बसून होत्या. मांडीवर काही नाही, हात रिकामे.

"येतोय तो," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी अकराला. न्यायला."

"काय म्हणाला?"

"हेच. येतो म्हणाला."

"आणखी काही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांना किती दिसतं ते मला कधी नीट कळलेलं नाही. "मला एक कोट शिवून दे, सुई," त्या म्हणाल्या. "त्या राखाडी कापडाचा. कुणाच्या घरी जायचं तर बरं दिसायला हवं."

कुणाच्या घरी, म्हणाल्या. मुलाच्या घरी नाही. पण त्या वेळी ते माझ्या ध्यानात आलं नाही. मला फक्त 'जायचं' ऐकू आलं.

सोमवारी मी माप घेतलं. वीस वर्षांत मी त्यांचं माप कधी घेतलं नव्हतं. त्यांचे कपडे त्या स्वतः शिवत, आणि डोळे गेल्यापासून जुनेच घालत. खांद्याशी टेप धरली तर हाताखाली पाखरासारखी हाडं. "बारीक झालात," मी म्हटलं. "तुझी लागण झाली," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात त्यांचं वागणं बदललं. सकाळी उठल्या उठल्या विचारत, "आज वार कोणता?" मी सांगितलं की मान हलवत, मग तासाभरानं स्वतःशीच म्हणत, "मंगळवार. मंगळवारच." बटणांचे डबे काढून मोजायच्या, परत भरायच्या, परत मोजायच्या. एकदा मला शेजारपाजारच्या सगळ्या पोरांची नावं म्हणून दाखवली, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि विचारलं, "बरोबर ना?" मी हो म्हटलं आणि पडद्याआड जाऊन उभी राहिले. दिवस मोजताहेत, मला वाटलं. रविवार कधी येतो म्हणून वार विचारताहेत. पोरांची नावं म्हणताहेत ती निरोप घेतल्यासारखी.

कोट मी चार दिवसांत करते. हा पुढे सरकेना. बुधवारी कापला. गुरुवारी लाल दोऱ्यानं जोडला. जोडताना माझे टाके इतके लहान पडले, की त्यांनी बोटं फिरवून म्हटलं, "अगं, हा कच्चा आहे ना? का ह्यालाच पक्का समजायचं?"

शुक्रवारी जिन्यात किल्लीवाला भेटला. नेहमीसारखा हसला नाही. "म्हातारी आली होती माझ्याकडे," तो म्हणाला. "दाराची किल्ली घासून दे म्हणाली. परत करायची आहे, अशी गंजलेली कशी देऊ, म्हणाली."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? घासून दिली." तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "तू काही बोलली आहेस का तिच्याशी? राहा वगैरे?"

"मी कोण सांगणार?"

"तेही खरं," तो म्हणाला. पण जागचा हलला नाही. "एवढी तोंडाला टाळं लावलेली बाई मी पाहिली नाही. माझ्याकडे सुद्धा तुझी किल्ली नाही."

शनिवारी दुपारी मी मशीनवर बसले ती ठरवूनच. कोट आज संपवायचा आणि बोलायचंही आजच. आधी बोलायचं का आधी टीप मारायची? गळा झाला. अस्तर झालं. बाह्या घेतल्या तेव्हा त्या समोरच बसून आपल्या दोन साड्यांची घडी घालत होत्या. मी मनात वाक्य जुळवत होते. अहो, एक सांगायचंय. अहो, मागच्या हिवाळ्यात. अहो, रागावू नका. त्यांनी घडी मोडली, परत घातली. मला वाटलं, ज्या दिवशी हिला कळेल की मुलानं बोलावलं होतं आणि मी ते दाबून ठेवलं, त्या दिवशी ही माझ्याकडे बघणारही नाही. त्यापेक्षा न सांगता जाऊ दे. गेल्यावर तिथे कळेल, पण निदान इथे, ह्या खोलीत, ही माझ्याकडे तशी बघणार नाही. पाय चालत राहिला, चाक फिरत राहिलं, बाह्या पुढून मागे सरकत गेल्या. कोट हँगरला लावला. वाक्य तोंडातच राहिलं.

रविवारी सकाळी त्या सहालाच तयार. चहात पाव बुडवून खाल्ला, कप स्वतः धुतला. टेबलावर, माझ्या कात्रीशेजारी, किल्ली ठेवलेली. इतकी चकचकीत, की ती आमच्या दाराची वाटेना. बॅग दाराशी. एकच बॅग, सात वर्षांपूर्वी त्यानं नेली त्याहूनही लहान.

"आण तो कोट," त्या म्हणाल्या. "लाल काढायचं राहिलंय."

"मी काढते."

"माझं काम आहे ते. शेवटचं तरी करू दे."

साडेदहा झाले होते. त्या खिडकीशी बसल्या, आकडा घेतला. गळ्याचा दोरा निघाला, पुठ्ठ्यावर गुंडाळला. अस्तराचा निघाला. मी इस्त्री तापत ठेवली होती, ती उगाच परत बंद केली, परत लावली. आज गुणगुणणं नव्हतं. डाव्या खांद्याशी त्यांनी लाल टोक चिमटीत धरलं आणि ओढलं, सरसर, नेहमीसारखं.

आणि बाही निखळून त्यांच्या मांडीवर पडली.

त्यांनी ती उचलून तिची कड चाचपली.

"सुई. इकडे ये."

मी गेले. त्यांनी माझं बोट धरलं आणि खांद्याच्या कडेवरून फिरवलं. भोकं होती. सुईची बारीक भोकं, सरळ ओळीत, एकाखाली एक, आणि त्यांत दोरा नव्हता. वरचा दोरा नुसता कापडावर पडून राहिला होता, तो लाल दोऱ्याबरोबरच निघून आला. मशीनमधली खालच्या दोऱ्याची बॉबिन रिकामी होती. मी दोन्ही बाह्यांना टीप मारली होती, टीप कुठेच नव्हती.

"उजवीलाही नाही," दुसरा खांदा चाचपत त्या म्हणाल्या. "लाल दोऱ्यावर लटकतेय नुसती."

"घाईत राहिलं. द्या, पाच मिनिटांत मारते."

त्यांनी कोट दिला नाही. "बॉबिन संपली की तुला आवाजावरून कळतं. मी मशीनवर बसायचे तेव्हा आतल्या खोलीत पोळ्या लाटतानाही तिथून ओरडायचीस, बॉबिन संपली म्हणून. काल स्वतःच्या हाताखाली नाही कळलं?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

मी वर पाहिलं. घड्याळ अकराला पंधरा कमी दाखवत होतं.

"बरं, मी माझं सांगते," त्या म्हणाल्या. बाहीची घडी घालून त्यांनी मांडीवर ठेवली, लहान बाळाचा अंगरखा ठेवावा तशी. "तो फोनवर काय म्हणाला ते मी तुला पुरतं सांगितलं नाही. तो म्हणाला, आई, ह्या वेळी नाही म्हणू नकोस."

मी इस्त्री बंद केली.

"ह्या वेळी," त्या म्हणाल्या. "आठ दिवस मी तेच चघळतेय. मग मागची वेळ कुठली? त्यानं कधी विचारलं आणि मी नाही कधी म्हटलं? पोरानं बोलावलं आणि मी विसरले? माझी आई अशीच गेली गं. आधी वार गेले, मग नावं गेली, मग मी कोण ते गेलं. म्हणून रोज तपासून बघतेय, आज काय वार, डब्यात किती बटणं. सगळं बरोबर येतं, आणि ते एक तेवढं सापडत नाही." त्यांनी आकडा खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "म्हणून जाते म्हटलं मी त्याला. डोक्यातून सुटायला लागलं असेल तर तुझ्या गळ्यात कशाला पडू? तू आधीच किती केलंस. रक्ताचं माणूस असतं त्यानं बघावं ते."

मंगळवार, मंगळवारच. पोरांची नावं. चकचकीत किल्ली. सगळं एकाएकी माझ्या अंगावर चालून आलं.

खाली जिन्याचं दार वाजलं. किल्लीवाल्याचा आवाज, "वरच आहेत दोघी, जा." मग पायऱ्यांवर बूट. तो नेहमी दोन-दोन पायऱ्या चढतो, सात वर्षांत चाल बदलली नाही. पंचवीस पायऱ्या आहेत. तो आत आला असता तर त्यानंच सांगितलं असतं, हसत, काही वाईट मनात न आणता: तूर्त नको म्हणालीस ना गं तू. आणि त्यांनी पुन्हा आपलं डोकं चाचपलं असतं.

मी खाली बसले, त्यांच्या पायांशी, जिथे काढलेल्या दोऱ्याचे तुकडे पडतात तिथे. त्यांचा हात धरला.

"त्यानं विचारलं होतं," मी म्हटलं. "मागच्या हिवाळ्यात. तुम्ही न्हाणीघरात होतात. मी गिऱ्हाइकाचा फोन म्हटलं तो त्याचा होता. तुमच्यासाठी उन्हाची खोली आहे म्हणाला. मी तुम्हाला विचारलंच नाही. आणि त्याला सांगितलं, त्या तूर्त नको म्हणाल्या. तुम्ही म्हणाला नव्हतात. मी म्हणाले. तुम्ही गेलात तर ह्या दोन खोल्यांत मला सुई म्हणणारं कुणी नाही, म्हणून म्हणाले."

बूट दारापाशी थांबले. त्यानं टकटक केलं. त्या उठल्या नाहीत. हातही सोडवून घेतला नाही.

"मला तुम्ही जायला नको आहात," मी म्हटलं. "आजही नको. पण जा किंवा राहा, घाबरून ठरवू नका. तुमच्या डोक्यातून काही सुटलेलं नाही, आई. ते मी लपवलं होतं."